जिन्याखालची जागा

आमचें घर जुनें आहे. पुण्याच्या ज्या पेठेंत तें उभें आहे तेथें त्याच्या बरोबरीचीं घरें आतां फारशीं उरलीं नाहींत. दोन मजले, मध्यें लहानसा चौक, चौकामागें परसूं, आणि परसाच्या अगदीं टोंकास, बोळाच्या भिंतीला पाठ लावून उभा असलेला संडास, अशी त्याची मांडणी. वरच्या मजल्यावर आमच्या वडिलांनीं पुढें एक संडास बांधविला. पण त्याची सोय वर राहणारांपुरती. खालीं राहणारांस दोनच मार्ग होते: एकवीस पायऱ्यांचा जिना चढून वर जावें, नाहीं तर चौक आणि परसूं ओलांडून मागें जावें. ही गोष्ट आजवर कोणास गैरसोयीची वाटली नव्हती; निदान कोणीं तसें बोलून दाखविलें नव्हतें. गेल्या आषाढांत आमच्या थोरल्या आत्याबाई मध्यरात्रीं परसांतल्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें, तेव्हां आमचे डोळे उघडले.

जिन्याखालीं अडगळीची एक जागा होती. वापरांतून गेलेला पाटावरवंटा, एक मोडका पाळणा आणि जुन्या पंचांगांचे गठ्ठे यांचें तेथें वर्षानुवर्षें वास्तव्य होतें. गवंड्यानें टेप धरून मापें घेतलीं. रुंदी सवातीन फूट, लांबी पांच फूट. उंची एका अंगास साडेसहा फूट आणि दुसऱ्या अंगास जिन्याबरोबर उतरत गेलेली. "होईल," तो म्हणाला, "फक्त दार बाहेर उघडलें पाहिजे, आणि बसणाराचें डोकें उंच अंगास आलें पाहिजे." त्याच्या दृष्टीनें प्रश्न तेथेंच संपला. आमच्या घरांत मात्र तो तेथें सुरू झाला. कारण त्या जागेची एक भिंत देवघराची होती. देवाच्या पाठीशीं संडास! वहिनींचा चेहरा उतरला, धाकट्या काकांनीं तर चारपाईचें भांडें आणून काम भागवावें असा पर्याय सुचविला, आणि दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोलेना.

हा तंटा केवळ आमच्या घरचा असता तर तो वाचकांपुढें मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु त्या दोन दिवसांत आमच्या ध्यानांत आलें कीं, घरांतल्या सर्व सोयींमध्यें घराच्या आंत येण्यास ज्या सोयीला सर्वांत अधिक काळ लागला ती हीच; आणि वहिनींच्या उतरलेल्या चेहऱ्यामागें दोनतीन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाकडे हंसून पाहून भागावयाचें नाहीं.

प्रथम आपली भाषाच पाहावी. परसाकडे जाणें, बहिर्दिशेस जाणें, झाड्यास जाणें, रानांत जाणें: ह्या प्रत्येक प्रयोगांत 'जाणें' आहे, आणि बहुतेकांत घराबाहेरची जागा आहे. क्रियेचें नांव म्हणजे घरापासून दूर जाण्याचें नांव. खोलीसाठीं जे शब्द आपण वापरतों ते बहुतेक परके. 'शेतखाना' हा मूळचा सेहतखाना, म्हणजे आरोग्याचें घर. मराठी कानाला त्यांत 'शेत' ऐकूं आलें आणि शब्द घरचा होऊन बसला. पायखाना फारशी आहे हें सांगावयास नकोच. आणि ज्या 'शौचा'साठीं जावयाचें त्याचा मूळ अर्थ शुद्धता! मलिन गोष्टीस शुद्धतेचें नांव देऊन आपल्या पूर्वजांनीं तिला भाषेंतहि चार हात दूरच ठेविलें.

शास्त्राची आज्ञाहि तशीच होती. मनुस्मृतींत हे विधि राहत्या घरापासून दूर करावे असें सांगितलें आहे. विष्णुपुराण तर अंतरहि ठरवून देतें: गांवाच्या नैर्ऋत्येस, सोडलेला बाण जाऊन पडेल त्याच्याहि पलीकडे. आज ह्या आज्ञेची थट्टा करणारे बरेच भेटतात. आम्हांस ती थट्टा उथळ वाटते. विरळ वस्तीच्या गांवीं, भोंवतीं मोकळें रान असतां, ऊन आणि माती मनुष्याचें काम बिनबोभाट करून टाकीत, आणि विहिरीचें पाणी निर्मळ राही. त्या स्थितींत बाणाचा टप्पा हें आरोग्याचें उत्तम माप होतें. दोष आज्ञेचा नव्हे. गांवाचें शहर झालें, बाण जाऊन पडावयाचा तो दुसऱ्याच्या ओसरीवर, तरीहि आम्ही आज्ञा पाळल्याचें सोंग करीत राहिलों, हा खरा दोष.

याला अपवाद आमच्याच देशांत पूर्वीं होऊन गेले होते. राखालदास बानर्जी यांनीं १९२२ मध्यें मोहेंजोदडो येथें खोदकाम सुरू केलें आणि पुढें जें नगर उजेडांत आलें त्यांतल्या पुष्कळ घरांत विटांची न्हाणीघरें, रस्त्याकडच्या भिंतीलगत संडास, आणि त्यांचें पाणी रस्त्यांतल्या झांकलेल्या गटारांत नेणारे उतार आढळले. चार हजार वर्षांपूर्वींच्या त्या लोकांस घरांत हें असण्याचा विटाळ वाटला नसावा. त्यांचें तें ज्ञान मात्र त्यांच्या नगराबरोबरच मातीखालीं गेलें. अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर रायगडावर जावें. तेथें दगडी शौचकूप आहेत, आणि ते असणें साहजिकच आहे. कड्यावर राहणाराला बाणाचा टप्पा कोठून मिळावा? जेथें बाहेर जाणें अशक्य होतें तेथें शास्त्र आपोआप लवचीक झालें.

पुण्याच्या पेठा वसल्या त्या ह्या दोहोंच्या मधल्या स्थितींत. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचें पाणी नळांनीं शहरांतल्या हौदांपर्यंत आलें. पिण्याची, धुण्याची सोय त्यानें झाली. परंतु मैला वाहून नेण्याचें काम पाण्यानें करावें हा विचार त्या व्यवस्थेंत नव्हता, आणि हौदावरून घागर भरून आणणाऱ्या घराला तो परवडणाराहि नव्हता. तेव्हां वाड्याची रचना करणारानें तडजोड केली. घराबाहेर जातां येत नाहीं, तर घरांतल्या घरांत जितकें दूर जातां येईल तितकें जावें: देवघर आणि माजघर एका टोंकास, संडास दुसऱ्या टोंकास, मध्यें दोन चौक. संडासाच्या जोत्याला मागच्या बोळाच्या बाजूनें एक ठेंगणें भोंक, आंत टोपली. आणि ती टोपली रोज उपसून नेण्यासाठीं मनुष्य. घर आणि तें मनुष्य यांचीं तोंडें परस्परांस दिसूं नयेत अशी ही योजना होती. बोळाचें प्रयोजनच तें होतें.

मुंबईनें हीच रचना उंच इमारतींस लागू केली. दोन इमारतींच्या मधली अरुंद घरगल्ली म्हणजे उभ्या संडासांचा तळ; तेथून हलालखोरानें टोपल्या उचलावयाच्या. हलालखोर, म्हणजे ज्याची कमाई न्यायाची आहे असा. हें नांव अकबरानें रूढ केलें असें अबुल फजल लिहितो. मुंबईच्या नगरपालिकेनें ह्याच नांवानें घरमालकांवर करहि बसविला; नांव बादशाही, कर म्युनिसिपालटीचा, आणि काम जसेंच्या तसें! विहार तलावाचें पाणी १८६० च्या सुमारास आणि तानसाचें १८९२ मध्यें शहरांत आलें, तरी घरगल्ल्या होत्या तशाच राहिल्या, आणि १८९६ मध्यें प्लेग आला तेव्हां अधिकाऱ्यांच्या नजरा प्रथम ज्या जागांवर गेल्या त्यांत त्या होत्या.

आतां थोडें इंग्लंडकडे वळलें पाहिजे. कारण संडासाला दूरच्या कोंपऱ्यांतून उचलून जिन्याखालीं आणून ठेवणारी युक्ति तेथली आहे. पाण्यानें धुतला जाणारा संडास सर जॉन हॅरिंग्टन यानें १५९६ मध्यें एका विनोदी पुस्तकांत वर्णिला. तो एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. राणीच्या रिचमंड येथील वाड्यांत त्यानें तो बसविलाहि. परंतु लोकांनीं पुस्तकावर हंसून घेतलें आणि विषय सोडून दिला. त्याच्या योजनेंत एक उणीव होती: पाणी मैला खालीं नेई, पण खालची दुर्गंधी त्याच वाटेनें वर येई. ही उणीव भरून काढण्यास आणखी जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ मध्यें जें पेटंट घेतलें त्यांत भांड्याखालची नळी नागमोडी वळविली होती. त्या वळणांत थोडें पाणी नेहमीं सांचून राहतें, आणि तेंच वाऱ्याला बूच होतें. आमच्या गवंड्यानें जें भांडें आणलें त्याच्या खालचें वळणहि तेंच. त्यांत पाणी उभें राहतें दोन इंच. विष्णुपुराणानें ज्या कामासाठीं बाणाचा टप्पा नेमला तें काम हें दोन इंच पाणी करतें. आम्हांस तर ह्या सबंध इतिहासांत ह्याहून अधिक चमत्कारिक गोष्ट दिसत नाहीं.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनांत जॉर्ज जेनिंग्ज यानें असे संडास मांडले आणि एक एक पेनी देऊन आठ लाखांवर लोकांनीं ते वापरले. श्रीमंतांच्या घरीं तर ते त्यापूर्वींच पोंचले होते. परंतु ह्या लाटेंत एका प्रश्नाकडे कोणाचें लक्ष नव्हतें: हें सर्व जातें कोठें? प्रथम तें घरांखालच्या खड्ड्यांत गेलें. खड्डे भरून वाहूं लागले तेव्हां ते बुजवून घरचीं गटारें शहरच्या गटारांस जोडण्याचा हुकूम झाला, आणि तीं गटारें थेम्स नदींत पडत होतीं. तिचेंच पाणी शहर पीत होतें. १८४८-४९ च्या पटकीनें लंडनांत सुमारें १४ हजार माणसें मेलीं. १८५४ मध्यें डॉक्टर जॉन स्नो यानें ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोंवतीं मृत्यूंची नोंद करून रोग पाण्यांतून पसरतो हें दाखवून दिलें. पण अधिकाऱ्यांस तें पटावयास वेळ लागला. शेवटीं १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीला अशी घाण सुटली कीं, पार्लमेंटाचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून टांगावे लागले. जें काम हजारों प्रेतांनीं झालें नाहीं तें सभासदांच्या नाकांनीं थोड्याच दिवसांत केलें: बॅझलजेटच्या भव्य गटारयोजनेस पैसा मंजूर झाला.

इंग्लंडांतल्या गरिबाला मात्र ह्या सुधारणेची वाट पुढेंहि दीर्घकाळ पाहावी लागली. १८७५ च्या आरोग्य कायद्यानंतर ओळीनें बांधलेल्या कामगारांच्या घरांमागें अंगण आलें, अंगणाच्या टोंकास संडास, आणि त्याच्या पलीकडे मैला नेणाऱ्यांची गल्ली. पुण्याच्या बोळाची ही सख्खी बहीणच! विसाव्या शतकांत संडास घरांत शिरला तो पुष्कळ ठिकाणीं न्हाणीघराबरोबर वरच्या मजल्यावर. मग म्हातारा मनुष्य खालीं बसलेला आणि सोय माडीवर, अशी आमच्या घरासारखीच गत झाली. १९९९ पासून तेथें नवीन घर बांधतांना प्रवेशाच्या मजल्यावर संडास ठेवणें नियमानें आवश्यक करण्यांत आलें. अपंग पाहुणा दारीं आला तर त्याची अडचण होऊं नये, हा त्यांतला हेतु. नियम उशिरा आला, पण त्यांतली दृष्टि आम्हांस फार आवडली. आमच्या वाड्यांत दूर जाण्याचें माप ज्यानें ठरविलें तो धडधाकट पुरुष होता. बाळंतीण, आजारी आणि म्हातारी माणसें त्या मापांत बसत कीं नाहीं हें पाहण्याचें त्यास कारण पडलें नसावें.

मग नळी १७७५ ची, गटारें एकोणिसाव्या शतकांतलीं, आणि आमच्याकडे टोपल्या पुढें कित्येक दशकें चालू कां राहिल्या? पैशाची आणि पाण्याची अडचण होती हें खरें. परंतु तेवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. जें काम करावयास मनुष्य जवळजवळ फुकट मिळतो त्याच्यासाठीं यंत्र कोण विकत घेतो? शिवाय मैला हातानें उपसला जातो तोंपर्यंत संडास घरापासून दूरच असावा लागतो. आणि त्याबरोबर तो उपसणाराहि. विटाळाची कल्पना आणि टोपली ह्या दोघी एकमेकींच्या आधारानें उभ्या होत्या.

ह्या गोष्टीवर नेमकें बोट ठेवलें तें गांधींनीं. प्लेगच्या भीतीनें १८९६ मध्यें राजकोटांत जी समिति नेमली गेली तिच्यांत राहून त्यांनीं घरोघरचे संडास तपासले, आणि मोठमोठ्या घरांतले संडास घाणेरडे व अस्पृश्यांच्या वस्तींतलीं घरें स्वच्छ, असा अनुभव आत्मचरित्रांत नमूद केला. १९०१ च्या कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें स्वयंसेवकांनीं हें आपलें काम नव्हे असें म्हणतांच त्यांनीं स्वतः झाडू घेतला. महाराष्ट्रांत ह्याच वाटेनें अप्पासाहेब पटवर्धन गेले. १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. जातीनें ब्राह्मण म्हणून ती नाकारली गेली, आणि त्यांच्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधींनीं उपवास मांडला. काम न करण्यासाठीं उपवास करणारे कैदी असतील. हें काम करूं द्यावें म्हणून झालेला उपवास हा एकच आम्हांस माहीत आहे. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं थोड्या खर्चाचा, मैल्याचें खत करणारा संडास लोकांस दाखवून दिला. १९४९ मध्यें मुंबई सरकारनें सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास बर्वे समिति नेमली. पाटीच्या संडासांवर आणि हातानें मैला उचलविण्यावर बंदी घालणारा देशाचा कायदा मात्र १९९३ मध्यें झाला, आणि त्यांतल्या उणिवा भरून काढणारा दुसरा २०१३ मध्यें. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या त्यानंतरहि वाचाव्या लागल्या आहेत.

इतकें सर्व वाचून काढल्यावर घरच्या तंट्याचा निकाल आम्ही पांडित्यानें लावूं असें आम्हांस वाटलें होतें. तसें कांहीं झालें नाहीं. खाटेवर पडलेल्या आत्याबाईंनींच तो लावला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ती बाई, सोंवळ्याओंवळ्यांत जन्म घालविलेली. तिचा विरोध सर्वांत मोठा असेल अशी आमची समजूत. ती म्हणाली, "देव वर माडीवर न्या. त्यांचे गुडघे दुखत नाहींत." मग, तक्रार म्हणून नव्हे, सहज आठवलें म्हणून, तिनें सांगितलें कीं लहानपणीं दिवेलागणीनंतर मुलींना पाणी पिऊं देत नसत, रात्रीं उठावें लागूं नये म्हणून. पावसाळ्यांत बायका दोघी दोघी मिळून कंदील घेऊन मागें जात. पोटांत कळ आली तरी पहांटेपर्यंत दांत ओठ खाऊन पडून राहण्याची संवय बाळंतपणापूर्वींच होऊन जाई. हें आम्ही त्या घरांत जन्म घालवून प्रथमच ऐकत होतों.

काम तीन आठवडे चाललें. चार इंची नळाला चाळीसास एक असा ढाळ मिळावा म्हणून चौकाची फरशी उकलावी लागली. जिन्याच्या पायरीखालीं एक झरोका काढला. टाकी सहा लिटरांची बसली, अर्ध्या पाण्यावरहि चालणारी. देव माडीवर गेले. त्यानंतर परसांतला जुना संडास पाडावयास घेतला. पुढें कधीं तरी तो नळाचा झाला होता, पण जोतें मूळचेंच होतें. गिलावा निघाला तेव्हां बोळाच्या अंगास, जमिनीलगत, वीतभर रुंद आणि हातभर लांब असें एक भोंक विटांनीं बुजविलेलें दिसलें. आमच्या पिढींतल्या कोणासहि तें ठाऊक नव्हतें.

आत्याबाईंस विचारलें. त्यांस चांगलें आठवत होतें. एक बाई येई, सकाळीं सातच्या आंत. हिरवें लुगडें, पायांत कांहीं नाहीं. पावसांत टोपली गळे म्हणून डोक्यावर गोणपाट घेई. सणाच्या दिवशीं तिला उरलेलें अन्न वरून देत. एकदां तिच्याबरोबर एक मुलगीहि येऊं लागली, आत्याबाईंच्याच वयाची. दोघी भोंकाच्या दोन बाजूंनीं एकमेकींस पाहत, आणि आत्याबाईंस त्याबद्दल मार बसला होता.

"नांव काय होतें तिचें?" आम्हीं विचारलें.

आत्याबाई पुष्कळ वेळ आढ्याकडे पाहत राहिल्या. "आईचें कीं मुलीचें?" त्या म्हणाल्या, आणि मग, "नांवानें तिला कोणी हांक मारीत नसे रे. कडी वाजवायची ती, तेवढें ऐकूं यायचें."

दुसऱ्या दिवशीं गवंड्यानें विचारलें कीं बोळाच्या भिंतींतलें तें भोंक आहे तसें ठेवावयाचें कीं आंतबाहेरून सिमेंटानें सपाट करून घ्यावयाचें. आम्हीं त्यास थांबावयास सांगितलें आहे.